पॉलिहाऊसमधला रोबो आणि सेन्सरची साक्ष: कामाच्या नोंदी

३ जानेवारी २०२५

सरांबरोबर मीटिंग झाली, विषय एकदाचा पक्का. पीएचडीतला हा भाग असा: पॉलिहाऊसमध्ये तापमान-आर्द्रता मोजणारे वायरलेस नोड लावायचे, त्यांच्यामधून एक छोटा चारचाकी रोबो फिरणार, आणि प्रश्न एवढाच की यातल्या कुणी खोटी माहिती दिली तर ते ओळखायचं कसं. खोटी माहिती म्हणजे मुद्दाम दिलेली पण आली आणि बिघाडामुळे आलेली पण. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस भरपूर आहेत, तळेगावजवळ एका काकांनी वीस गुंठ्याच्या पॉलिहाऊसमध्ये काम करायला परवानगी दिलीय. पण म्हणाले, "ताई, व्हॅलेंटाईनचा माल जाऊ द्या आधी, चौदा फेब्रुवारीपर्यंत इथं आम्हालाच उभं राहायला जागा नसती." बरोबरच आहे, वर्षाचा मोठा पैसा त्या तीन आठवड्यांत येतो. तोपर्यंत लॅबमधलं काम उरकून घ्यायचं.

गुलाबच का, तर तिथे आर्द्रतेचा आकडा चुकला तर नुकसान लगेच दिसतं. हवा जास्त दमट आणि थंड राहिली की डाउनी (पानांवरचा बुरशीचा रोग) येतो, पानं गळतात, आणि एकदा आला की फवारणीचा खर्च वेगळाच. उलट फार कोरडं आणि गरम झालं की लाल कोळी. म्हणजे एखाद्याने नुसता आर्द्रतेचा आकडा खाली दाखवला तरी सिस्टीम फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारे फवारे) चालू ठेवणार आणि बाकीचं काम बुरशी करणार.

९ जानेवारी

रोबोवर रास्पबेरी पाय ४ आहे, उबंटू २२.०४, रॉस २ हंबल (रॉस म्हणजे रोबोचे वेगवेगळे प्रोग्राम एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर), वर आरपी-लायडार ए१, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर. आज काहीही सिक्युरिटी न लावता लॅबच्या वायफायवर चालवून बघितला, म्हणजे सुरुवात कुठून आहे ते लिहून ठेवता येईल. ज्युनिअरने तिचा लॅपटॉप त्याच वायफायला जोडला, डोमेन आयडी (रॉसच्या गटाचा नंबर) शून्य, जो डिफॉल्ट असतोच, आणि टॉपिकची, म्हणजे ज्या नावांखाली संदेश जातात त्यांची, यादी मागवली. सगळं आलं. लायडार, बॅटरी, ओडोमेट्री (चाकांच्या फिरण्यावरून काढलेली जागा), आणि सीएमडी-व्हेल, म्हणजे चाकांना वेग सांगणारा टॉपिक. तिने त्यावर एक ओळ पब्लिश केली आणि रोबो टेबलाच्या कडेकडे निघाला, मी हाताने धरला. पासवर्ड नाही, विचारणा नाही, काही नाही. रॉस २ च्या खाली डीडीएस ही संदेश पोचवणारी यंत्रणा असते आणि तिच्यातले प्रोग्राम मल्टिकास्ट करून, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना हाक मारून, एकमेकांना शोधतात, ७४०० च्या आसपासच्या यूडीपी पोर्टवर, त्यामुळे नेटवर्कवर आलेला प्रत्येक जण घरचाच समजला जातो.

जुन्या रॉस १ मध्ये हेच जास्त उघडं होतं. एक मास्टर, म्हणजे सगळ्यांची नोंद ठेवणारा मुख्य प्रोग्राम, पोर्ट ११३११, ज्याला तो पोर्ट दिसतो तो रोबोचा मालक. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सगळा आयपीव्ही४ इंटरनेट स्कॅन करून बघितला तर शंभरच्या वर रॉस सिस्टीम उघड्या सापडल्या. रिसर्च लॅबमधले रोबो, ज्यांचे कॅमेरे आणि हात कुणीही बाहेरून वापरू शकलं असतं. त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, रॉस बनलं तेच मुळी एका खोलीतल्या, एकमेकांवर विश्वास असलेल्या माणसांसाठी. पण तोच कोड पुढे गोदामात, दवाखान्यात, शेतात गेला आणि तो विश्वास पण त्याच्याबरोबर तसाच गेला. रॉस १ च्या शेवटच्या आवृत्तीचा, नोएटिकचा, सपोर्ट मे २०२५ पर्यंतचाच आणि अजून कितीतरी कॉलेजांमध्ये तेच चालू आहे.

१७ जानेवारी

एसरॉस २, म्हणजे रॉस २ साठीची सुरक्षा, लावलं. कीस्टोअर (किल्ल्यांची पेटी) तयार केला, प्रत्येक नोडला (रॉसमध्ये नोड म्हणजे एकेक प्रोग्राम) एन्क्लेव्ह, म्हणजे त्याचा स्वतःचा कप्पा, कोणी काय पब्लिश करायचं आणि काय ऐकायचं याची परमिशन फाईल, त्यावर आपल्याच सर्टिफिकेट ऑथॉरिटीची सही, आणि स्ट्रॅटेजी एन्फोर्स, म्हणजे सक्तीची. हे एन्फोर्स विसरायचं नाही, ते नसेल तर किल्ली नसलेला नोड गुपचूप बिनसुरक्षेचा चालू होतो आणि आपल्याला वाटतं सगळं झालं. परत ज्युनिअरचा लॅपटॉप जोडला, आता तिला यादीत काहीच दिसत नाही, पब्लिश केलं तर रोबो हलत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. डीडीएस सिक्युरिटीत दोन नोड एकमेकांची ओळख पटवतात त्या वेळी परमिशनची कागदपत्रं उघडीच जातात, हे २०१९ मध्येच दाखवलं गेलंय. म्हणजे ऐकणाऱ्याला आत काय चाललंय ते कळत नाही, पण कोणाकडे कोणते टॉपिक आहेत हे कळतं. आत्ता त्याने फरक पडत नाही. नंतर पडेल असं वाटतंय, म्हणून लिहून ठेवते.

२८ जानेवारी

या आठवड्यात सेन्सर नोडचं फर्मवेअर. एनआरएफ५२८४० चिप, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर एसएचटी३१, कमी विजेवर चालणारा रेडिओ ८०२.१५.४. या रेडिओची अख्खी फ्रेम १२७ बाइटची, त्यात हेडर, सिक्युरिटी हेडर, काउंटर, आणि शेवटी एमआयसी म्हणजे तो छोटा कोड ज्यावरून पॅकेट कुणी बदललं का ते कळतं, हे सगळं बसवायचं. एमआयसी आठ बाइटचा ठेवलाय. आपला डेटा म्हणजे दोन आकडे, जागा पुरून उरते.

किल्ली सगळ्यांना एकच द्यायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. या चिपचं वाचनबंदीचं कुलूप व्होल्टेजला झटका देऊन उघडता येतं हे २०२० मध्ये जाहीर झालं, म्हणजे एक नोड चोरीला गेला की त्यातली किल्ली गेली असंच धरून चालायचं. प्रत्येक नोडची वेगळी किल्ली, फक्त गेटवेबरोबर, म्हणजे सगळ्या नोडची पॅकेट गोळा करणाऱ्या मशीनबरोबर. किल्ल्यांच्या मोठ्या पोतडीतून प्रत्येक नोडला थोड्या थोड्या वाटायच्या अशी एक प्रसिद्ध पद्धत २००२ पासून आहे, विमानातून हजारो नोड टाकायचे असतील तर ती ठीक, वीस गुंठ्यात तिची काही गरज नाही.

जास्त वेळ गेला तो काउंटरमध्ये. प्रत्येक पॅकेटचा नंबर वाढत जातो आणि तोच नंबर एन्क्रिप्शनच्या नॉन्समध्ये, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळाच असावा लागणाऱ्या आकड्यात, जातो. आता नोडची बॅटरी बदलली की रॅममधला काउंटर शून्य. म्हणजे तीच किल्ली, तोच नॉन्स, दुसरा मजकूर, आणि असली दोन पॅकेट कुणी साठवून एकमेकांशी एक्सॉर केली (बिट-बिट जुळवून फरक काढला) की दोन्ही मजकूर उघडे पडायला सुरुवात होते. ८०२.१५.४ मधली ही अडचण २००४ मध्येच लिहिली गेलीय आणि तरी नेटवर मिळणाऱ्या नमुना कोडमध्ये काउंटर रॅममध्येच ठेवलेला दिसतो. उपाय सोपा आहे, काउंटर फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवायचा. पण या चिपच्या फ्लॅशचं एक पान दहा हजार वेळा पुसण्यापर्यंतच खात्रीचं, मिनिटाला एक पॅकेट म्हणजे दिवसाला १४४०, प्रत्येक वेळी लिहून पुसलं तर आठवड्यात पान संपेल. म्हणून १०२४ नंबर एकदम आगाऊ राखून ठेवायचे, फ्लॅशमध्ये फक्त पुढची हद्द लिहायची, आणि परत चालू झाल्यावर त्या हद्दीपासून पुढे मोजायचं. मधले नंबर वाया गेले तर जाऊ देत, ३२ बिट आहेत.

१८ फेब्रुवारी

काकांचा सीझन संपला. आज नोड लावले, उद्या शिवजयंतीची सुट्टी म्हणून आजच उरकायचं होतं. प्रत्येक दुसऱ्या बेडवर एक, फुलांच्या उंचीवर, उन्हापासून वाचायला वर पांढरी प्लॅस्टिकची ताटली. मधला रस्ता काँक्रीटचा आहे, रोबो तिथे छान चालतो, बेडच्या मधल्या गल्ल्यांमध्ये ड्रिपचं पाणी गळून चिखल झालेला असतो तिथे चाकं घसरतात आणि ओडोमेट्री सांगते त्याच्यापेक्षा रोबो मागेच असतो. लायडारला पण पानांमुळे दर फेरीला भिंत वेगळ्या जागी दिसते. सरळ उपाय केला, बेडच्या टोकाच्या पाइपांना खुणेचे क्यूआरसारखे टॅग बांधले, ते कॅमेऱ्याला दिसले की जागा पक्की.

कटिंग करणाऱ्या मावशींनी विचारलं, "हे यंत्र फुलं तोडणार का आमच्या जागी?" नाही म्हटलं, हे फक्त हवा मोजणार. त्यांनी नोडकडे बघून सांगितलं की फवारणीच्या दिवशी हे झाकून ठेवा, औषध बसलं तर खराब होईल. खरंच आहे, आर्द्रतेच्या सेन्सरवर रसायन बसलं की त्याचं वाचन सरकतं. फवारणीचे दिवस आता कॅलेंडरमध्ये टाकलेत.

२० फेब्रुवारी

आजचा प्रयोग सविस्तर लिहिते, पुढचं सगळं काम याच्यावर उभं आहे.

दुपारी एकच्या सुमाराला आत तीस अंश, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, फॉगर बंद. मी एक सुती फडका पाण्यात बुडवला, पिळला आणि सातव्या बेडवरच्या नोडभोवती सैल गुंडाळला. बस. लॅपटॉप नाही, अँटेना नाही, किल्ली नाही. थोड्याच वेळात त्या नोडची आर्द्रता वर चढायला लागली आणि नव्वदीच्या पुढे गेली. गेटवेवर लॉग उघडा ठेवला होता, प्रत्येक पॅकेटचा एमआयसी बरोबर, काउंटर बरोबर, किल्ली बरोबर. गेटवेच्या दृष्टीने हे अगदी सज्जन नोडचं अस्सल पॅकेट. आणि ते होतंच अस्सल! नोडने त्याला जे दिसलं तेच प्रामाणिकपणे सांगितलं, त्याला दिसलेलं जगच कुणीतरी बदललं होतं. महिनाभर किल्ल्यांवर केलेलं काम इथे लागूच होत नाही, कारण किल्ली एवढंच सांगते की बोलणारा कोण. जे बोलला ते खरं का, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे आणि माझ्या थीसिसचा खरा प्रश्न तोच आहे.

आता यातलं भौतिकशास्त्र बघू. ओला फडका गुंडाळला की आर्द्रता तर वाढतेच पण तापमान पण उतरतं, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. शाळेत ओल्या बल्बचा थर्मामीटर शिकवतात तोच हा. तीस अंश आणि पन्नास टक्के असलेल्या हवेत तो सगळ्यात खाली जाऊन साधारण बावीस अंशांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे हल्ल्याची खूण सापडली असं वाटेल, आर्द्रता वर, तापमान खाली, दोन्ही एकदम. पण फॉगर चालू झाल्यावर नेमकं हेच होतं! बारीक थेंब हवेत उडतात, हवा गार होते, आर्द्रता चढते. एकट्या नोडचा आलेख समोर ठेवला तर फडका आणि फॉगर यांत फरक करता येत नाही.

उलटी तपासणी पण करून बघितली. पहाटे वीस अंशांना नव्वद टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यात बाहेरून काही न घालता तीस अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता पन्नासवर येते, कारण संपृक्त बाष्पदाब (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेचा दाब) २.३४ किलोपास्कलवरून ४.२४ वर जातो आणि हवेतली वाफ तेवढीच असते. त्यामुळे दुपारी तापमान चढताना कुणी आर्द्रता पण चढती दाखवत असेल आणि फॉगर बंद असेल तर तो संशयित. हा नियम छान आहे पण सरसकट नाही. झाडं स्वतः पाणी सोडतात, सकाळी ऊन पडल्यावर हवेतली वाफ खरोखर वाढते, आणि कर्टन (बाजूचे पडदे) उघडल्या की ती बाहेर जाते. म्हणून टक्क्यांकडे न बघता बाष्पदाबाकडे बघायचं, तो किती वेगाने बदलतोय ते बघायचं. झाडं कितीही पाणी सोडोत, अख्ख्या पॉलिहाऊसचा बाष्पदाब दोन-तीन मिनिटांत २.१ वरून २.९ होत नाही. एकाच नोडचा झाला तर शेजाऱ्यांना विचारायचं.

२७ फेब्रुवारी

शेजाऱ्यांना विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर हा आठवडा गेला.

या प्रश्नाचं मूळ १९८२ चं, लॅम्पोर्ट, शोस्ताक आणि पीज यांचा बायझंटाईन सेनापतींचा प्रश्न. f जण दगाबाज असतील तर एकूण किमान ३f+१ जण हवेत, त्याशिवाय बाकीच्यांचं एकमत खात्रीने होत नाही. रोबो आणि सेन्सरच्या जाळ्यासाठी त्याचं जास्त वापरलं जाणारं रूप म्हणजे डब्ल्यूएमएसआर, २०१३ चं. प्रत्येक नोडने शेजाऱ्यांचे आकडे लावून बघायचे, आपल्यापेक्षा मोठ्यांतले टोकाचे F (जितके खोटारडे धरले तितके) आणि लहानांतले टोकाचे F टाकून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. जाळं पुरेसं घट्ट विणलेलं असेल तर खोटारडे कितीही ओढोत, चांगले नोड त्यांच्या मागे जात नाहीत. सिद्धता सुंदर आहे. कोड लिहायला एक दुपार लागली, फडकावाला नोड पहिल्याच फटक्यात बाहेर फेकला गेला.

आणि त्याच्याबरोबर वायव्य कोपऱ्यातला नोडही. त्याची आर्द्रता बाकीच्यांपेक्षा कायम जास्त. माझं अल्गोरिदम रोज त्याला खोटारडा ठरवत होतं. काकांना स्क्रीन दाखवली तर त्यांनी बघितलं पण नाही नीट, म्हणाले, "तो कोपरा तसाच आहे ओ ताई. पलीकडून चर जातो, पावसाळ्याचं पाणी तिथंच तुंबतं, वारा पण येत नाही. डाउनी दर वर्षी तिथूनच सुरू होतो."

हे ऐकून मी बराच वेळ बेडच्या टोकाला उभी होते. ज्या नोडचं ऐकणं सगळ्यात गरजेचं, नेमका तोच आपण टोकाचा म्हणून टाकून देतोय. एकमताचं गणित जिथे वापरतात तिथे सगळ्यांनी शेवटी एकाच आकड्यावर यायचं असतं, ड्रोनचा थवा एकाच दिशेला जायचा असतो. पॉलिहाऊसमध्ये एक आकडा नसतोच. कर्टनजवळ वेगळं, मध्यभागी वेगळं, कोपऱ्यात वेगळं, आणि शेतकऱ्याला तो वेगळेपणाच कळायला हवाय. सरांना फोन केला, ते म्हणाले "मग F कमी कर". त्याने भागणार नाही असं माझं मत, आणि तसं त्यांना सांगितलं पण. टोकाचा आकडा आला तर त्या नोडला गप्प करायचं नाही, तिथे जाऊन बघायचं. जाणारा आपल्याकडे आहे की, रोबो!

६ मार्च

थोडं मागचं वाचन, थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणासाठी. सेन्सरला फसवण्याची उदाहरणं गोळा केली. २०१२ मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीच्या टॉड हम्फ्रीज यांच्या ग्रुपने व्हाईट सँड्समध्ये खोट्या जीपीएस सिग्नलने ड्रोन खाली आणून दाखवला. २०१५ मध्ये कोरियातल्या काइस्ट या विद्यापीठाच्या संशोधकांनी नुसत्या आवाजाने, जायरोच्या (वळण मोजणाऱ्या सेन्सरच्या) स्वतःच्या कंपनसंख्येवर, ड्रोन पाडला. २०१९ मध्ये तर तापमानाच्या सेन्सरला विद्युतचुंबकीय लहरींनी फसवता येतं हे दाखवलं गेलं, सेन्सरमागचा अॅम्प्लिफायर त्या लहरींचं स्थिर व्होल्टेज (डीसी) करतो आणि आकडा सरकतो. आपला एसएचटी३१ आतच डिजिटल करून देतो म्हणून तेवढा धोका कमी. या कशातच कुणी पासवर्ड फोडलेला नाही.

आणि एक उदाहरण हल्ल्याचं नाही पण मला सगळ्यात जवळचं वाटतं. २००२ मध्ये बर्कलेच्या लोकांनी अमेरिकेत मेन राज्यातल्या ग्रेट डक आयलंडवर समुद्रपक्ष्यांच्या बिळांमध्ये सेन्सर नोड ठेवले होते. तिथे पाणी शिरून आर्द्रतेचे सेन्सर भलतंच काही सांगायला लागायचे आणि ते भलतं वाचन म्हणजे तो नोड लवकरच बंद पडणार याची खूण ठरायची. बिघाड आणि लबाडी दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. शेतकऱ्यालाही त्यांत फरक करून काही मिळत नाही, आकड्यावर भरवसा ठेवायचा का एवढंच त्याला हवंय. म्हणून माझ्या सिस्टीममध्ये हल्लेखोर असा वेगळा कप्पाच नाही, "तपासा" एवढा एकच आहे.

१२ मार्च

रोबोची साक्ष कशी घ्यायची हे आता ठरलंय. रोबोवर तसाच एसएचटी३१, पण उंच काठीवर, कारण खाली रास्पबेरी पायची ऊब लागते. हवा हलती असली तरी या सेन्सरला आर्द्रता पकडायला आठेक सेकंद लागतात, जाळीची टोपी घातली की अजून, त्यामुळे चालता चालता मोजणं बंद, नोडजवळ पूर्ण थांबायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, मगच घ्यायचा.

मग मुख्य मुद्दा. रोबो रोज दहा वाजता पहिल्या बेडपासून निघाला तर लबाडी करणाऱ्याला काय, रोबो यायच्या आधी फडका काढून ठेवला की झालं. किंवा त्याच्याकडे चोरलेल्या नोडची किल्ली असेल तर रोबो जवळ असेपर्यंत खरं सांगायचं, गेला की परत सुरू. म्हणून फेरीची वेळ आणि क्रम दोन्ही रँडम. नुसतं रँडम नाही, ज्याच्यावर संशय जास्त त्याच्याकडे जायची शक्यता जास्त, पण सज्जन नोडची शक्यता कधीच शून्य नाही.

परमिशनची कागदपत्रं उघडी जातात असं जानेवारीत लिहून ठेवलेलं, ते इथे लागलं. रोबो कुठे चाललाय हे बाहेर कळता कामा नये. पुढच्या मुक्कामाचा टॉपिक एन्क्रिप्टेड आहे, पण उघड्या परमिशन फाईलमध्ये प्रत्येक बेडसाठी वेगळा टॉपिक दिसत असेल आणि पॅकेट त्यातल्या एकाच नोडकडे जाताना दिसत असतील, तर मजकूर न वाचताही अंदाज येतो. म्हणून बेडवार टॉपिक काढून टाकले, एकच टॉपिक, ठरावीक वेळाने, ठरावीक लांबीचा संदेश, रोबो उभा असो की चालत असो. आणि नोडजवळ गेल्यावर रोबो त्याच्याशी रेडिओवर एक अक्षर बोलत नाही. गुपचूप मोजतो, वेळ लिहितो, पुढे जातो. ताळा नंतर गेटवेवर. पॉलिहाऊसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला रोबो डोळ्यांनी दिसणारच, ते लपवायचा प्रयत्न नाही. पण ज्याला दर फेरीला स्वतः हजर राहून फडका काढावा लागतो त्याचं काम आपण पुष्कळ अवघड केलंय.

उद्या होळी, काकांनी पुरणपोळीला बोलावलंय.

२१ मार्च

दुपारी लाइट गेली. राउटर बंद, गेटवे इन्व्हर्टरवर म्हणून चालू, रोबो मध्येच. चाकांच्या कंट्रोलरमध्ये अर्ध्या सेकंदाचा वॉचडॉग ठेवलाय, तेवढ्यात नवा वेग आला नाही तर ब्रेक. रोबो जागच्या जागी थांबला, मावशींनी बाजूने क्रेट नेले, काही त्रास नाही. रेडिओ कुणी जॅम केला तरी हेच होईल. जॅमिंग थांबवता येत नाही, स्वस्तात तर नाहीच, त्यामुळे थांबल्यावर रोबो कुणाच्या वाटेत धोका होणार नाही एवढं बघायचं. २०१५ मध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रेव्हन २ या सर्जरीच्या रोबोवर हल्ले करून बघितले तेव्हा असं दिसलं की धोकादायक वाटणारी आज्ञा परत परत पाठवून त्याचा इमर्जन्सी स्टॉप लागलेलाच ठेवता येतो, म्हणजे सुरक्षेसाठी केलेली सोयच अडवणुकीला वापरता येते. शस्त्रक्रियेच्या मध्ये हात थांबणं भयंकर. गुलाबाच्या गल्लीत फेरी चुकली तर चालतं, थांबणंच योग्य. पण "रोबो थांबला" हे पण लॉगमध्ये तपासा या कप्प्यात गेलं पाहिजे, नाहीतर साक्षीदाराला अडवून ठेवायचं आणि मग हवं ते करायचं ही वाट मोकळी राहते. आज तो बदल केला.

४ एप्रिल

दोन गोष्टी.

पहिली, एका नोडची किल्ली दुसऱ्या बोर्डवर घालून लॅबच्या पोरांना दिली आणि सांगितलं की वाट्टेल ते करा, फक्त गेटवेला कळू देऊ नका. त्यांनी हुशारी केली, आकडा एकदम न उडवता रोज किंचित किंचित सरकवला, बाष्पदाबाच्या वेगाच्या नियमात बसेल असा. नियमाने पकडला नाही, शेजाऱ्यांनीही नाही. रोबोच्या ताळ्यात सापडला, पण लगेच नाही. सेन्सरची स्वतःची चूक दोन टक्क्यांची, रोबोवरच्या सेन्सरचीही तेवढीच, त्यामुळे फरक त्याच्या वर गेल्याशिवाय बोलता येत नाही. एका भेटीतल्या फरकावर निकाल न देता भेटींमधल्या फरकांची बेरीज धरत जायची, क्यूसम पद्धतीने, असं आता करतेय. त्याने हळू सरकवणारा लवकर सापडतो. रोबोचा स्वतःचा सेन्सर सरकला तर सगळ्याच नोडशी त्याचं एकाच दिशेने बिनसेल, ती खूण वेगळी मोजतेय. आणि दर पंधरवड्याला त्याला बंद डब्यात मिठाच्या संपृक्त द्रावणावर ठेवायचं, साध्या मिठावर हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन स्थिरावते, स्वस्त आणि खात्रीचं.

दुसरी जास्त काळजीची. फॉगरचा पंप कशाने चालू होतो हे आज नीट बघितलं. मोबाईल स्टार्टर. काकांनी त्यांच्या नंबरवरून कॉल केला की पंप चालू, परत केला की बंद, रात्री थ्री फेज आली की उठून जायला नको म्हणून बसवलेला. तो ओळखतो फक्त नंबर. आणि कॉल करणाऱ्याचा नंबर खोटा दाखवता येतो. म्हणजे आम्ही आर्द्रतेच्या प्रत्येक आकड्याची एवढी उलटतपासणी करतोय आणि फॉगर चालू करायला कुणाला आमच्या जाळ्यात शिरायची गरजच नाही. काकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग त्याला पण लावा की तुमची किल्ली." स्टार्टर काढायचा नाही, त्यांच्या झोपेचा प्रश्न आहे. पंपाच्या वायरवर करंट मोजणारी क्लॅम्प लावून तो पण एक नोड करते, पंप खरंच चालतोय का हे गेटवेला स्वतंत्रपणे कळेल, आणि फडका की फॉगर हा वीस फेब्रुवारीचा प्रश्न पण त्यानेच सुटायला मदत होईल. स्टार्टर आणि पंपाच्या मध्ये एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आपल्या सहीच्या आज्ञेशिवाय पंप बंद न करणारा पण वेळेची कमाल मर्यादा पाळणारा, म्हणजे कुणीही चालू केला तरी फॉगर ठरलेल्या मिनिटांच्या वर चालणार नाही. मर्यादा किती हे काका ठरवणार, उन्हाळ्याची वेगळी आणि पावसाळ्याची वेगळी. क्लॅम्प ऑर्डर केलीय, सर्किट उद्या ज्युनिअरबरोबर बसून काढायचं.